झडपा बंद करून रात्रभर लाकूड जाळण्याचा सल्ला का पाळू नये

लाकडाच्या स्टोव्हबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: झोपण्याआधी स्टोव्ह ओंडक्यांनी गच्च भरा, जमल्यास थोडे ओलेच घ्या, हवेच्या झडपा पूर्ण बंद करा. आग सकाळपर्यंत टिकते, लाकूड वाचतं, धोका काही नाही. यातलं खरं एवढंच, की आग सकाळपर्यंत धुमसते.

‘लाकूड वाचतं.’ उलट वाया जातं. लाकूड तापलं की त्यातून ज्वलनशील वायू निघतात, आणि लाकडाची निम्म्याहून जास्त उष्णता त्या वायूंतच असते. ते नीट जळायला 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि भरपूर हवा लागते. झडपा लावल्या की ज्वाळा विझते, पण वायू निघतच राहतात आणि न जळता धुराड्यातून निघून जातात. आग तासांनी लांबते, ऊब मात्र कमी मिळते.

‘ओलं लाकूड जास्त टिकतं.’ टिकतं, कारण आधी त्यातलं पाणी उकळत बसतं. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मंसुद्धा पाणी असू शकतं. जाळायच्या लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. ओलावा मोजायचा तर ओंडका आधी फोडा आणि मीटरच्या सुया आतल्या ताज्या बाजूवर टोचा. बाहेरची साल आणि टोकं आधी वाळतात, तिथला आकडा फसवा असतो.

‘धोका काही नाही.’ हे सगळ्यात घातक. थंड पडलेल्या धुराड्यात न जळलेला धूर आणि वाफ आतल्या भिंतींवर थिजून क्रिओसोट, म्हणजे धुराचं जळाऊ कीट, साठतं. आधी भुरभुरीत काजळी, मग चिकट डांबर, शेवटी काळा चकचकीत थर. तो साध्या ब्रशने निघत नाही. पुढे एखाद्या दिवशी जोरात आग केली की तोच पेट घेतो. धुराड्यातली आग 1,000 अंशांच्याही वर जाऊ शकते आणि आतलं अस्तर तडकतं. स्टोव्हच्या दाराची काच रोज काळी होत असेल, आतल्या विटा फिकट न होता काळ्याच राहत असतील, तर धुराड्यातही तेच चाललंय असं समजा.

शिवाय थंड धुराड्याची धूर वर खेचणारी ओढ मंदावते आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म त्याच खोलीत, स्टोव्हपासून 1 ते 3 मीटरवर हवाच.

‘मग मल्टिफ्युएल, म्हणजे लाकूड आणि कोळसा दोन्ही जाळणाऱ्या, स्टोव्हमध्ये कोळसा रात्रभर कसा चालतो?’ अँथ्रासाइटसारख्या कोळशात उडून जाणारे वायू फार कमी असतात, म्हणून तो मंद निखाऱ्यावर नीट जळतो. त्याला जाळीखालून हवा लागते, राखेचा ट्रे रिकामा लागतो. लाकडाला खाली राखेचा पातळ थर आणि वरून हवा मानवते.

झोपण्याआधी शेवटची भर सुक्या, लहान तुकड्यांची घाला, झडप उघडी ठेवा आणि ज्वाळा संपून लाल निखारे उरल्यावरच हवा कमी करा, तीही पूर्ण बंद नको. राख काढू नका. सकाळी तिच्याखाली बहुधा निखारे सापडतात. ते पुढे ओढून वर बारीक ढलप्या ठेवा आणि झडप पूर्ण उघडा. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यातच, घराबाहेर ठेवा. तिच्यातले निखारे काही दिवससुद्धा जिवंत राहू शकतात.