डावा कान बंद आहे

वायर गेली, गुंता संपला म्हणे. कुठला संपतोय! रोज सकाळी या बिनवायरीच्या इअरफोनचा डावा बड मेलेला. रात्री डबीत नीट टेकला नाही, म्हणून चार्जच झाला नाही. मग उजव्या कानात भीमसेनजी आणि डाव्यात इंदूरच्या राजवाडा चौकातले हॉर्न. सिटी बसमध्ये निसटला की लोकांच्या चपलांमधून शोधा. वायरवाला निदान गळ्यात तरी लोंबायचा. काकूंशी फोनवर बोलताना हे बड महाशय मध्येच ब्लूटूथनं लॅपटॉपला जाऊन चिकटतात. तिकडे काकू नुसत्या "हॅलो, हॅलो!"

२०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचा ३.५ मिमीचा जॅक काढला आणि पाठोपाठ बऱ्याच फोन कंपन्यांनी तीच री ओढली. अरे, वायरवाला खुपसला की सुरू! ना चार्जिंग, ना पेअरिंग. या बडातली इवलीशी लिथियम बॅटरी चार्ज होऊन होऊन थकते, आणि जेल रोडच्या मोबाइल दुकानांत बदलायला नेलं तर "भिया, नया ही ले लो." वायर तुटली तर तिथंच सोल्डर मारून मिळायचं, तेही चहा संपायच्या आत.

आणि एकच बड हरवला? दुकानात सहसा सुटा मिळत नाही. घ्या अख्खी जोडी!