आत्याचे एमबी

"तेवढी लग्नाची डीव्हीडी मोबाईलवर घे की" हे वाक्य आमच्या घरात "येताना कोथिंबीर आण" याच सुरात म्हणतात. आक्काचं लग्न २००५ चं. त्याच्या डिस्का आईनं शालूच्या घडीत ठेवलेल्या, आणि घरात विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटातली सिस्टीम वापरणारा मी एकटाच, त्यामुळं कंप्युटरचं काहीही असलं की ते माझ्या गळ्यात.

पहिला प्रश्न, डिस्क घालायची कुठं. आताच्या लॅपटॉपला ते तोंडच नाही. खडेबाजारात जाऊन यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मागितला तर दुकानदार माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "हे आणि कोण वापरालंय ओ आता?" मग आतून एक खोकं आणलं, वरची धूळ झटकली आणि किंमत सांगितली ताज्या मालाची.

शेजारच्या कन्नड काकूंना वाटलं मी लॅपटॉप दुरुस्त करतोय, मी काय ते सांगितलं तर म्हणाल्या, "इष्टेना?" म्हणजे एवढंच होय! एवढंच की. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीला सीएसएस नावाचं कुलूप असतंय, ते १९९९ साली नॉर्वेच्या योन लेक योहान्सन नावाच्या पोरानं आणखी दोघांना घेऊन उघडलं, त्याच्यावर केस झाली, पुढं निर्दोष सुटला, आणि उबुंटूवर, म्हणजे माझ्या लिनक्सवर, तसली डिस्क बघायची तर ते कुलूप उघडणारं लिबडीव्हीडीसीएसएस अजून वेगळं घालून घ्यावं लागतंय. आमच्या डिस्कला ती भानगड नाही. स्टुडिओवाल्यानं कुलूप घातलं नव्हतं, फक्त स्वतःचा फोन नंबर थोड्या थोड्या वेळानं नवरीच्या कपाळावरून फिरवला होता.

डिस्क उघडली की आत एक फोल्डर आणि त्यात व्हिडिओच्या व्हीओबी फायली, एकेक १ जीबीच्या आतली, कारण नियमच तसा आहे, १ जीबी भरला की पुढची फाईल सुरू, मग समोर काय का चालू असेना. त्यामुळं "शुभमंगल" एका फाईलमध्ये आणि "सावधान" दुसऱ्या फाईलमध्ये. एकेक फाईल सुटी बदलत बसलं तर जोडावर आवाज मागंपुढं होतो. त्यापेक्षा हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला अख्खा फोल्डर दाखवायचा, तो सगळं सलग वाचतो, आणि फुकट आहे, २००३ पासून लोक ते लिहितायत आणि कुणी कपाळावर नंबर फिरवत नाही.

मग अक्षता. जुन्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ इंटरलेस्ड, म्हणजे एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. टीव्हीवर ते खपून जायचं, कंप्युटरवर मात्र हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला आडव्या रेघा, भटजींच्या हाताला दात फुटलेले. त्यासाठी डीइंटरलेस चालू करायचं. शिवाय ७२० बाय ५७६ चे ठिपके चौकोनी नसतात, त्यामुळं मापं नीट लावली नाहीत तर अख्खं वऱ्हाड उभट, बारीक दिसतं. दाजींनी ते चाचणीचं चित्र बघून "बरोबर आहे की, असाच होतो मी" म्हटलं, म्हणून ते बदलताना त्यांना विचारलं नाही.

शेवटचा भाग वाचेचना. डीव्हीडी आतून बाहेर लिहितात, म्हणजे शेवट कडेला, आणि डिस्क धरताना सगळ्यांची बोटं कडेलाच. तर आक्काची पाठवणी अडकली. खराब डिस्कवरचं उचलून काढणारा डीडीरेस्क्यू लावला. तो आधी चांगलं चांगलं उचलतो, मग खराब जागी परत परत जातो, आणि कुठवर आलोय ते मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतो, म्हणून मधे करंट गेला (गेलाच) आणि माझी बॅटरी कधीच वारलेली, तरी पुढं चालू करता येतं. आई दर थोड्या वेळानं दारातून विचारायची, "झाली काय रे पाठवणी?" खालून जाणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

खरा घोळ पुढं. हँडब्रेकला क्वालिटीचा आकडा, म्हणजे आरएफ, २० सांगितला की साईज तो ठरवतो. तत्त्व साधं, मागच्या चित्रातलं जे हललं नाही ते परत लिहायचं नाही. हललं की एमबी. अक्षतांना तर तो टेकीलाच येतो, हजारभर तांदूळ आणि एकाचाही पुढचा मुक्काम सांगता येत नाही. मी सगळ्यांचे तुकडे वेगळे काढून घरच्या ग्रुपवर टाकले. वरातीत बेंजोवर मामा नाचतो तो तुकडा १८० एमबी. आत्याचा, तेवढ्याच वेळाचा, ३५. कारण मानाच्या साडीवरून रुसलेली आत्या आहेर चालू असताना पहिल्या रांगेत तोंड फिरवून बसली आहे आणि कॅमेरा स्टँडवर. पापणीसुद्धा हलत नाही. हँडब्रेकच्या दृष्टीनं आत्या आणि भिंत एकच.

संध्याकाळी फोन. "मामाला १८० आणि मला ३५? तेव्हा साडीत केलात, आता ह्यात पण?"

मी समजावलं, आत्या, ते हलण्यावर असतंय. "मी हलायचं कशाला? मानकरीण होते मी!"

आईनं खुणेनं सांगितलं, वाढव. आत्याच्या तुकड्याला आरएफ १० लावला. आकडा खाली तशी क्वालिटी वर, मग तो भिंतीवरचे थरथरणारे ठिपकेसुद्धा एकेक करून जपतो. २१० एमबी झाली. चित्र बघायला गेलं तर तेच, तोंड फिरवलेलं. पाठवली. आत्यानं उघडून पाहिली की नाही माहीत नाही, पण आकडा बघितला, आणि ग्रुपवर एक नमस्काराचा हात आला.

त्याच्या खालोखाल मामाचा मेसेज: "माझ्या नाचाला आरएफ किती लावलास रे?"