खुलासा: कुत्र्याच्या सांधेदुखीवर लसूण-हळदीचा मेसेज
कोथरूडच्या आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की हळद, लसूण, तूप रोज दिलं की कुत्र्याचा संधिवात महिन्यात बरा होतो, गोळ्या बंद करा. मागच्या आठवड्यात मीही तो फॉरवर्ड केला, माफ करा, तो चुकीचा आहे. काल व्हेटना (प्राण्यांच्या डॉक्टरांना) विचारलं तर म्हणाले लसूण अजिबात नको, कांद्यासारखाच तोही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, शिजवला तरी. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे जो घटक गुणकारी मानतात तो, रक्तात फारच कमी उतरतो. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही, दुखणं मात्र कमी करता येतं. फिश ऑइलमधल्या ओमेगा-३ चा त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे, ग्लुकोसामाइनचा (सांध्यांसाठी देतात ते सप्लिमेंट) तेवढा नाही, आणि डोस वजनावर ठरतो म्हणून व्हेटला विचारूनच द्या. आमच्या राणीचे मागचे पाय फरशीवर फाकायचे, वजन उतरवलं, सतरंजी अंथरली, आता एका दमात उठते. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांनाही कळवा.