रद्द केलेल्या रेल्वेचं बिल

शहरात निवडणूक लागली आणि मेट्रो किंवा ट्रामचं काम अर्धवट असलं, की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: हा प्रकल्प म्हणजे उधळपट्टी. विरोधातल्या उमेदवाराला महापौर करा, तो पहिल्याच दिवशी काम थांबवेल. लोकांचाच कौल असल्यामुळे त्याला कुणी अडवणार नाही. वाचलेला पैसा रस्ते, पाणी, पोलीस यांच्याकडे वळेल आणि पुढे सवडीने याहून चांगली योजना आणता येईल.

ऐकायला हे सरळ वाटतं, म्हणून लोक ते पुढे पाठवतात. पण यातला जवळजवळ प्रत्येक दावा कुठल्या ना कुठल्या शहरात करून पाहिला गेला आहे आणि त्याचे आकडे जाहीर आहेत. रोज बसथांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाचं नाव पुढे करून हा युक्तिवाद केला जातो आणि शेवटी फटका त्यालाच बसतो, याची मला चीड आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी घ्या. नोव्हेंबर 2013 मध्ये जॉन क्रॅनली तिथे महापौर झाले, ते शहरातली नवी ट्राम रद्द करण्याचं वचन देऊनच. तोवर काम सुरू झालं होतं. रस्ते खणून रुळांच्या आड येणाऱ्या वाहिन्या हलवल्या जात होत्या, एल्म स्ट्रीटवर काही अंतर रूळ पडले होते आणि गाड्यांची ऑर्डर गेली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला नव्या सभागृहाने काम थांबवलं, पण त्याच वेळी एक शहाणपणाची गोष्ट केली: पूर्ण करायला किती लागतील आणि रद्द करायला किती, याचा हिशोब बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून, म्हणजे केपीएमजीकडून, करून घेतला.

तो आकडा पाहण्यासारखा आहे. काम पूर्ण करायला 6 कोटी 89 लाख डॉलर. रद्द करायला 1 कोटी 63 लाख ते 4 कोटी 61 लाख डॉलर. म्हणजे रद्द केल्याने वाचणार होते सव्वादोन ते सव्वापाच कोटींच्या आसपास. प्रचारात मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर प्रकल्पाची सगळी किंमत होती, 13 कोटींच्या पुढची. शिवाय या सव्वादोन-सव्वापाच कोटींच्या बदल्यात शहराच्या पदरी काय पडणार होतं? उखडलेले रस्ते, ठेकेदारांचे दावे आणि कुठेही न जाणारे रूळ. रद्द करण्याचं बिल येतं कुठून, हेही सांगितलं पाहिजे. ठेकेदाराची नुकसानभरपाई, गाड्या बनवणाऱ्या कारखान्याशी तडजोड, खणलेला रस्ता पुन्हा करणं. यातली एकही बाब प्रचाराच्या भाषणात येत नाही. सही झालेला करार मात्र निवडणुकीच्या निकालाने पुसला जात नाही.

कॅनडाच्या राजधानीने, ओटावाने, हा धडा न्यायालयात जाऊन घेतला. 2006 मध्ये तिथल्या महापालिकेने उत्तर-दक्षिण लाइट रेलसाठी, म्हणजे मेट्रोपेक्षा हलक्या, छोट्या गाड्यांच्या रेल्वेसाठी, सीमेन्सच्या समूहाशी सुमारे 78 कोटी कॅनेडियन डॉलरचा करार केला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हा प्रकल्प आणणारे महापौर बॉब कियारेली थेट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि लॅरी ओब्रायन निवडून आले. केंद्राने आपला हिस्सा नव्या सभागृहाच्या मंजुरीपर्यंत अडवून ठेवला होता. डिसेंबरमध्ये नव्या सभागृहाने प्रकल्प रद्द केला. कंपन्यांनी दावा लावला आणि 2009 मध्ये शहराने 3 कोटी 67 लाख डॉलर देऊन तो मिटवला. या पैशात एक किलोमीटरही रेल्वे आली नाही. दक्षिणेकडच्या वाढत्या उपनगरांना जोडणारी मार्गिका अखेर सुरू झाली ती जानेवारी 2025 मध्ये.

वाचलेला पैसा रस्त्यांना जाईल, हा पुढचा दावा. शहरी रेल्वेचा मोठा हिस्सा बहुतेक ठिकाणी वरच्या सरकारचं अनुदान असतो आणि ते अनुदान त्या एका कामाला बांधलेलं असतं. सिनसिनाटीच्या ट्राममध्ये सुमारे साडेचार कोटी डॉलर केंद्राचे होते. केंद्राने मुदत घालून सांगितलं: काम सुरू ठेवा, नाहीतर हे पैसे गेले. ते खड्डे बुजवायला वापरायची मुभा नव्हतीच. त्याआधी 2010 मध्ये ओहायो आणि विस्कॉन्सिनच्या नव्याने निवडून आलेल्या गव्हर्नरांनी आंतरशहर रेल्वेचा निधी नाकारला, तेव्हा केंद्राने तो जवळपास 1.2 अब्ज डॉलरचा निधी उचलून इतर राज्यांना वाटून टाकला. विस्कॉन्सिनसाठी टाल्गो कंपनीने गाड्या तर बांधूनही ठेवल्या होत्या. त्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या आणि शेवटी 2022 मध्ये नायजेरियातल्या लागोसने आपल्या शहरी रेल्वेसाठी विकत घेतल्या. नाकारलेल्या रेल्वेचा फायदा कुणाला तरी होतोच, फक्त नाकारणाऱ्याला होत नाही.

कौलाबद्दल थोडक्यात. महापौर निवडून येतो ते एका प्रश्नावर नाही. सिनसिनाटीच्या मतदारांनी 2009 आणि 2011 अशा दोन वेळा रेल्वे अडवणारे प्रस्ताव मतपेटीतून फेटाळले होते, मग 2013 चा निकाल तेवढा कौल आणि आधीचे दोन नाहीत, हे कसं? कॅनडातल्याच टोरंटोत तर रॉब फोर्ड यांनी 1 डिसेंबर 2010 ला, महापौरपदाच्या पहिल्याच दिवशी, आधीच्या महापौरांची ‘ट्रान्झिट सिटी’ ही लाइट रेल योजना संपल्याचं सांगून टाकलं. सभागृहाचं मत घेतलंच नव्हतं. फेब्रुवारी 2012 मध्ये नगरसेवकांनी 25 विरुद्ध 18 मतांनी रस्त्यावरच्या लाइट रेलची बाजू पुन्हा उचलून धरली. नगरसेवकही लोकांनीच निवडलेले असतात, हे विसरायचं कसं?

आता सगळ्यात गोड वाटणारा दावा: आत्ता रद्द करू, पुढे चांगलं करू. टोरंटोच्या पूर्वेचा स्कारबरो भाग याचं जिवंत उदाहरण आहे आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं. तिथे 1985 पासून एक छोटी उन्नत रेल्वे धावत होती, तिचं आयुष्य संपत आलं होतं. तिच्या जागी सात स्थानकांची लाइट रेल ठरली, निधी प्रांताचा. मग राजकारण शिरलं. ‘आम्हाला लाइट रेल नको, खरीखुरी सबवे (भुयारी मेट्रो) हवी’ ही मागणी प्रत्येक निवडणुकीत वाजू लागली, कारण ती मतं देत होती. 2013 मध्ये महापालिकेने सात स्थानकांची लाइट रेल सोडून तीन स्थानकांची सबवे धरली. 2016 मध्ये तिचं एक स्थानक झालं. 2019 मध्ये नव्या प्रांतिक सरकारने पुन्हा तीन केली. दर वेळी नवा नकाशा, नवा अंदाज, नवी घोषणा. जुन्या गाड्या मात्र या घोषणांसाठी थांबल्या नाहीत. 24 जुलै 2023 ला एक डबा रुळावरून घसरला आणि ती रेल्वे कायमची बंद झाली. सबवेचं काम अजून चालू असताना तिथले प्रवासी बसवर आले. चांगल्या योजनेची वाट पाहताना जी ठरली होती ती गेली आणि जी होती तीही गेली.

या सगळ्यावर एक उत्तर येतं आणि ते खोडून काढण्यासारखं नाही: मग चालू ठेवलेल्या प्रकल्पांचं काय? एडिनबर्गची ट्राम 2007 मध्ये स्कॉटलंडच्या नव्या अल्पमतातल्या सरकारला रद्द करायची होती. विरोधी पक्षांनी संसदेत एकजूट करून ती वाचवली. पुढे ती 77 कोटी 60 लाख पौंडांवर गेली, मार्ग छोटा झाला आणि सुरू व्हायला मे 2014 उजाडलं. अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या होनोलुलूतही रेल्वेविरोधी उमेदवार बेन कायेटानो 2012 मध्ये हरले, प्रकल्प टिकला, पण पहिला टप्पा जून 2023 मध्ये सुरू झाला आणि खर्च मूळ अंदाजाच्या खूप पुढे गेला. हे मी लपवणार नाही.

पण एडिनबर्ग बिघडलं कुठे, ते पाहा. आराखडे पुरे नव्हते, जमिनीखालच्या वाहिन्या हलवून झाल्या नव्हत्या आणि तरीही 2008 मध्ये बांधकामाचा करार झाला. मग प्रत्येक बदलावर ठेकेदाराशी भांडण. म्हणजे प्रश्न विचारायची खरी वेळ करारावर सही होण्याआधीची होती. ‘आराखडा पुरा आहे का? वाहिन्यांचं काम कुणाच्या डोक्यावर? खर्च वाढला तर कोण देणार?’ प्रकल्प नको असलेल्या उमेदवाराने हे प्रश्न सहीच्या आधी विचारले तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. सही झाल्यावर मात्र त्याने मतदारांना सांगायला हवं की थांबवण्याचं बिल किती, केंद्राचा किती पैसा परत जाणार आणि त्या मार्गावरचे प्रवासी कशाने जाणार.

सिनसिनाटीत हे आकडे आले तेव्हा सभागृहाचं मन बदललं. एका स्थानिक प्रतिष्ठानाने ट्राम चालवण्याच्या खर्चाला हातभार लावण्याची हमी दिली आणि 19 डिसेंबर 2013 ला काम पुन्हा सुरू करण्याचा ठराव 6 विरुद्ध 3 असा, महापौरांना नकाराधिकार वापरता येऊ नये इतक्या मतांनी, मंजूर झाला. सप्टेंबर 2016 मध्ये ट्राम धावू लागली. पहिली काही वर्षं प्रवासी अंदाजापेक्षा कमी होते, हेही खरं आहे. 2020 पासून ती विनातिकीट आहे.

मतदान झालं होतं 5 नोव्हेंबरला. केपीएमजीचा हिशोब आला डिसेंबरच्या मध्यानंतर. तो करायला त्यांना साधारण दोन आठवडेच लागले. करार तेच होते, रूळ तेच होते, कागद पालिकेतच होते. मतदारांनी तो मतदानाआधी मागितला असता, तर आधीच मिळू शकला असता.