डिस्कचा स्क्रू ‘ड्रिल मारून उडवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

घरच्या घरी गाडीची ब्रेक डिस्क (चाकामागे फिरणारी ब्रेकची चकती) बदलणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतो आहे. डिस्कवरचे एक-दोन छोटे स्क्रू फक्त कारखान्यातल्या जुळणीपुरते असतात. तेल फवारा, निघाले तर निघाले, नाहीतर ड्रिल मारून उडवा आणि परत बसवायच्या भानगडीत पडू नका.

ब्रेकचा भार या स्क्रूवर येत नाही, हे खरं आहे. डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागाला) घट्ट दाबून धरतात ते चाकाचे नट किंवा बोल्ट. पण भार घेत नाही म्हणून तो बिनकामाचा, हे कुठून आलं?

चाक आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) काढल्यावर डिस्क हबला सपाट टेकून राहते ती या स्क्रूमुळे. तो नसला की डिस्क कलते आणि मागच्या फटीत गंजाची खपली पडू शकते. वरून चाक आवळलं की ती तिथेच दबते आणि डिस्क डुलत फिरते. बऱ्याच गाड्यांत हे डुलणं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंही चालत नाही. पुढे कधीतरी ब्रेक पेडल थरथरू लागतं. चाक बोल्टने बसणाऱ्या गाडीत तर डिस्क फिरून भोकंही सरकतात, मग जड चाक हातात धरून ती जुळवत बसा. हबलाच स्टड (बाहेर आलेले आटेदार दांडे) असतील तर हा दुसरा त्रास नाही, एवढं मान्य.

आता तेल. या स्क्रूचं डोकं शंकूसारखं असतं आणि डिस्कमधल्या तशाच खळग्यात गंजाने जखडलेलं असतं. तिथे तेल फारसं झिरपत नाही. डिस्कवर मात्र पसरतं, आणि ब्रेक पॅडना लागलं तर नवा खर्च. जखडलेलं डोकं सुटतं ते हादऱ्याने. खाचेतला गंज टोकरून काढा. जपानी गाड्यांची फुलीची खाच बहुधा जेआयएस (जपानी औद्योगिक मानकाची) असते. दिसायला फिलिप्ससारखीच, पण फिलिप्सचं टोक तिच्यात पूर्ण बसत नाही आणि खाच सोलून निघते. योग्य बिट लावून हातोड्याचे दोन-चार ठणठणीत घाव घाला, मग हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. त्यावर घाव बसला की बिट आतही दाबला जातो आणि त्याच क्षणी फिरतोही, म्हणून घसरत नाही. दिशा आधी तपासा. उलटी असेल तर आणखी आवळाल! हे सगळं कॅलिपर काढण्याआधी करा, म्हणजे कोणीतरी ब्रेक दाबून धरला की डिस्क फिरणार नाही.

ड्रिल निषिद्ध नाही, शेवटचा उपाय आहे. उडवायचं ते फक्त डोकं. डिस्क निघाली की उरलेल्या दांड्यावर ताण राहत नाही, तो व्हाइस ग्रिपने (घट्ट पकडून लॉक होणाऱ्या पकडीने) बहुतेकदा सहज फिरतो. घाईत खोल ड्रिल मारून हबचे आटे खाणाऱ्यांनाच ‘परत बसवायची गरज नाही’ हे तत्त्वज्ञान सुचत असावं.

बसवताना स्क्रू नवा घ्या, आटे आणि खळगा घासून घ्या, अँटी-सीझचा (आटे पुन्हा जखडू नयेत म्हणून लावायच्या पेस्टचा) पातळ हात फिरवा. इम्पॅक्ट गन नको. अनेक होंडा गाड्यांत हा स्क्रू जेमतेम 9.8 न्यूटन-मीटरला आवळतात. थ्रेडलॉकही (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लागत नाही, कारण पुढे चाक असतं. फक्त डोकं डिस्कच्या पातळीच्या वर राहिलेलं नाही ना, हे बोटाने चाचपा. राहिलं तर चाक सपाट बसणार नाही.