डीकन म्हणजे अर्धा फादर नव्हे

नमस्कार दादा,

आमच्या गावच्या डीकनवर, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये फादरच्या खालच्या पायरीवर दीक्षा घेतलेल्या सेवकावर, मी लिहिलं, त्यावर तुम्ही विचारलंत, "मिस्सा (मुख्य उपासना) करता येत नाही, कन्फेशन (पापांची कबुली) ऐकता येत नाही, मग हा अर्धा फादरच ना? बायाबापड्यांच्या फायली घेऊन तहसिलीत कोणताही समाजसेवक फिरेल. त्यासाठी दीक्षा कशाला?" प्रश्न रागात विचारलाय, पण खरा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचं बरोबर आहे ते. मागच्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एका म्हातारीची शेवटची घटका आली. तिला आजाऱ्यांना लावतात ते पवित्र तेल लावून घ्यायचं होतं. हा संस्कार फक्त फादर किंवा बिशप देऊ शकतात, आणि फादर पार दुसऱ्या टोकाच्या गावी, मधे नाल्याला पूर. डीकनने तिला ख्रिस्तप्रसाद दिला, रात्रभर उशाशी बसून प्रार्थना म्हटली. पहाटे ती गेली. मातीही त्यानेच दिली, तो अधिकार त्याला आहे. पण तेल राहिलं ते राहिलंच. मला अजून त्याची खंत वाटते. फादर कमी पडतात ही तुमची तक्रार मी खोडणार नाही.

'अर्धा' हा शब्द मात्र मान्य नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढून बघा. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, कुरकुर सुरू होते, तेव्हा सात जण निवडले जातात आणि प्रेषित त्यांच्यावर हात ठेवतात. डीकनपदाचं मूळ ख्रिस्तसभा तिथेच पाहते. ताटात काही न पडलेल्या बायांसाठी ते हात ठेवले गेले, दादा! कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1964 साली हेच सांगितलं, की डीकनवर हात ठेवतात ते याजकपणासाठी, म्हणजे फादर होण्यासाठी, नव्हे, सेवेसाठी. आमचा डीकन पुढे फादर होईल. पण संसारी माणूस जन्मभर डीकन राहू शकतो, त्याचे नियम पोप सहावे पॉल यांनी 1967 मध्ये घालून दिले. ती काय कुणाची उमेदवारी म्हणायची?

आता त्या फायलीचं. ज्या बाईसाठी डीकन ती फिरवतोय, तिचा शेतकरी नवरा कर्जापायी जीव देऊन मोकळा झाला. सरकारी मदत 1 लाखाची, त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. पण आधी प्रकरण 'पात्र' ठरायला हवं. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा, सगळं कागदावर दिसलं पाहिजे. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सोसायटीचा थकबाकीचा दाखला. बाई म्हणाली, "मले वाचता येत नाई भाऊ, आंगठा कुठी लावू तेवढं सांग." त्याने अंगठा घेतला नाही. अंगणात बसून एकेक कागद तिला वाचून दाखवला. शवविच्छेदनाच्या अहवालाशी थांबला, "हे वाचू का?" असं विचारलं. तिने मान हलवली, मग वाचला. शाईचं पॅड त्यानंतर काढलं. त्याच पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फायलीखाली, उपासनेत डाव्या खांद्यावरून तिरपा घालायचा त्याचा कापडी पट्टा, स्टोल, घडी करून ठेवलेला होता. तिथून तो पुढच्या वस्तीवर शुभवर्तमान वाचायला गेला.

समाजसेवकही हे करेल, करतातच, आणि त्यांचे आमच्यावर फार उपकार आहेत. पण त्यांना उद्या दुसरं काम मिळालं तर ते जाऊ शकतात, त्यात वावगं काही नाही. डीकनने बिशपांसमोर वचन दिलंय. त्याला हाक मारताना त्या बाईने मिंधं व्हायचं कारण नाही, तो तिचा हक्क आहे. तुम्ही दीक्षा कशाला विचारता, तर माझ्या लेखी याच्यासाठी.

दाखल्यावर तारीख नव्हती म्हणून फाइल एकदा परत आली. तारखेचा नवा दाखला काल मीच आणला. सोमवारी पहिल्या एसटीने डीकन फाइल घेऊन पुन्हा जातोय, या खेपेला मीही सोबत आहे.