अंतरा आणि फोडणी

मी टायपिंग शिकलो ते सरकारी नोकरीसाठी आणि ते कामाला आले बेंजोच्या. कारकुनाच्या जागेसाठी मिनिटाला मराठीचे ३० आणि इंग्रजीचे ४० शब्द लागत. धुळ्यातल्या एका क्लासात घाम गाळून मी तेवढा वेग कमावलाही, परंतु नोकरीचे बोलावणे काही आले नाही. बेंजोची बटणे मात्र थेट टायपरायटरच्या धाटणीची असतात. त्यामुळे १९८६ साली गल्लीतल्या तिघांनी ऑर्केस्ट्रा काढायचे ठरवले, तेव्हा अर्धा तयार झालेला वादक आयताच मिळाला अशी त्यांची समजूत झाली आणि ती मी मोडली नाही.

आमच्या खानदेशात 'बँड' म्हटले की तो वरातीचा. त्याला लाल कोट असतो, चकचकीत पितळी बाजे असतात, मुख्य म्हणजे नवरदेवाच्या पुढे चालण्याचा मान असतो. आमच्याकडे कोटांना पैसे नव्हते, म्हणून आम्ही ऑर्केस्ट्रा झालो. एक किशोरकुमारच्या आवाजात गाणारा, एक मुकेशच्या आवाजात गाणारा (सर्दी झाली की दोघेही मुकेशच्याच आवाजात गात), एक ढोलकीवाला आणि मी.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे गावाबाहेरच्या ज्या परमिट रूममध्ये आम्हांला काम मिळाले तिथे साऱ्या देशातले ट्रक उभे असत. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून ती परमिट रूम. तिथे पिणाऱ्याला परवाना विचारलेला मी तीन वर्षांत एकदाही पाहिला नाही. आम्हांला मात्र 'तुम्हाला गायला कोणी सांगितले?' असे रोज कोणीतरी विचारत असे.

व्यासपीठ म्हणजे रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटांवर टाकलेली फळी होती. ढोलकीची थाप पडली की खालच्या बाटल्या किणकिणत आणि जलतरंगाची साथ फुकट मिळे. आठवड्यातून एकदा रिकाम्या बाटल्या नेणारी गाडी आली की व्यासपीठच जाई आणि कलावंत मंडळी अक्षरशः जमिनीवर येत.

परंतु आमचे खरे दैव व्यासपीठाच्या मागे होते. तिथे एक खिडकी होती आणि खिडकीपलीकडे भटारखाना. धुळ्याची शेवभाजी ज्याने खाल्ली आहे त्याला तिची चव ठाऊक असते. तिची फोडणी नाकात गेल्यावर काय होते हे ठाऊक असायला मात्र कढईपासून चार हातांवर उभे राहून गावे लागते. भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे आणि मिरची यांचे ते काळे वाटण तेलात पडले की खिडकीतून एक लोट येई आणि तो नेमका गाणाऱ्याने अंतऱ्यासाठी घेतलेल्या श्वासाबरोबर आत जाई. मग विरहाच्या ऐन ओळीवर किशोरकुमारला ठसका लागे. हळूहळू त्याचा कान तयार झाला. आचाऱ्याचा झारा कढईवर दोनदा आपटला की पुढे वाटण पडणार हे तो ओळखू लागला आणि त्या क्षणी माईक सोडून माझ्याकडे हात करू लागला. मग अंतरा मी बेंजोवर वाजवायचा. कोणते गाणे किती गायचे आणि किती वाजवायचे हे अशा रीतीने तीन वर्षे त्या आचाऱ्याने ठरवले. एका गिऱ्हाइकाने तर 'तुमच्यात बेंजोला फार वाव देतात,' असे कौतुकही केले. ते मी नम्रपणे स्वीकारले.

पावसाळ्यात ढोलकीची पुडी दमट हवेने सैल पडे आणि थाप उशीवर मारल्यासारखी येई. म्हणून ढोलकीवाला दर तासाला ती भटारखान्यात नेऊन भट्टीच्या आचेवर धरी. स्वर चढे, पण ढोलकीला शेवभाजीचा असा वास लागला की पुढे एका हळदीच्या कार्यक्रमात कुत्रे तिच्याभोवतीच घुटमळत राहिले. उन्हाळ्याचे दुखणे उलटे होते. धुळ्याच्या मे महिन्यात पुडी आपोआप इतकी ताणली जाई की ढोलकीचा स्वर वर, व्होल्टेज पडल्यामुळे अॅम्प्लिफायर खाली आणि मधल्या जागेत दोघे गायक आपापले स्वर शोधत.

फरमाइशी सिगारेटच्या पाकिटाच्या चांदीवर लिहून येत. सुरतेच्या ड्रायव्हरला गरबा हवा असे, पंजाबच्या सरदारजींना भांगडा आणि खंडव्याकडच्या माणसाला किशोरकुमारखेरीज काही चालत नसे, कारण किशोरकुमार जन्माने खंडव्याचे. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी ते गेले. त्यानंतर आठवडाभर प्रत्येक टेबलावरून केवळ त्यांचीच दुःखी गाणी मागितली गेली, माणसे रडून रडून पीत होती आणि पिऊन पिऊन रडत होती. पाचव्या दिवशी आमच्या किशोरकुमारचा घसा पूर्ण बसला. मालकाने त्याला हळद घातलेले दूध पाजले आणि त्याचे पैसे रात्रीच्या पंचवीस रुपयांतून कापले.

पंचवीस रुपये आणि जेवण, हा आमचा करार होता. त्यातले पंचवीस रुपये नियमित नव्हते आणि २ ऑक्टोबरसारख्या कोरड्या दिवशी तर दोन्ही नसे. जेवणाच्या बाबतीत मात्र ढोलकीवाला कोणतीही तडजोड करीत नसे. तीन प्लेट शेवभाजी आणि मोजदाद न ठेवलेल्या भाकरी हा त्याचा रोजचा खुराक होता, आणि आम्ही ज्यांना आप्पा म्हणत असू ते मालक ते ताट डोळ्यांनी मोजत बसत.

एव्हाना कॅसेटी फार स्वस्त झाल्या होत्या. १९८९ च्या दिवाळीनंतर आप्पांनी दोन मोठ्या स्पीकरांचा डेक आणला आणि आम्हांला समोर बसवून, खरोखरच वाईट वाटत असल्याच्या स्वरात विचारले, "भाऊ, कॅसेट काय जेवस का, तूच सांग बरं." यावर आमच्यापैकी कोणालाही उत्तर सुचले नाही. मला त्यांनी कॅसेटची बाजू बदलण्यासाठी ठेवून घेतले. बटणांचा अनुभव असलेला मी एकटाच होतो.

चौथ्या की पाचव्या रात्री ऐन गर्दीत वीज गेली. डेक एका आलापात लांबत लांबत घोगरा होऊन थांबला, अंधारात ग्लास आपटू लागले आणि कोणीतरी शिवी हासडली. आप्पांनी सायकलवरून पोऱ्या पिटाळला आणि अर्ध्या तासात ढोलकीवाल्याला आणवले. तो आला, कंदिलाशेजारच्या टेबलावर ढोलकी ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आप्पा, कॅसेटले जेवन लागत नही, पन लाइट लागस. माले लाइट नको, जेवन लागस. पहिले वाढा, मंग वाजाडसू."

आप्पांनी वाढले. त्याची तिसरी प्लेट संपत आली तेव्हा वीज आली.